लाल ठिपका

ऑक्टोबर सरत आला की रेइनोच्या शेडमध्ये एक मोठं पिंप पाण्याने भरलं जातं आणि तळ्याच्या त्या काठावरच्या झाडून सगळ्या होड्यांच्या मोटरी पाळीपाळीने त्या पिंपात पाय सोडून उभ्या राहतात. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. तळं गोठायच्या आत मोटरी नीट निजवल्या नाहीत तर मे महिन्यात त्या उठत नाहीत, रेइनोला ते काम येतं, आणि बाकीच्यांना आयतं करून मिळतं म्हणून ते त्याला फार मानतात. एवढाच काय तो मामला.

आइली, म्हणजे रेइनोची बायको, याला रेइनोचा दवाखाना म्हणायची. एकेक पेशंट यायचा, पिंपात खोकायचा, रेइनो त्याच्या नाकात तेलाचा फवारा मारायचा, पेशंट पांढरा धूर ओकून गप्प व्हायचा. मग पंख्याजवळचं जुनं तेल काढून नवं भरायचं, सगळीकडे ग्रीस चोपडायचं, आणि झोपलं बाई एकदाचं पोर, म्हणून वर जुनी चादर टाकायची. "बायकोला कधी विचारलंस का, हिच्या सांध्यांत तेल आहे की संपलं?" असं आइली दरवर्षी म्हणायची आणि रेइनो दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

यंदा ती हे म्हणाली नव्हती. यंदा उन्हाळ्यापासून आइली नवऱ्याकडे नुसती बघत होती.

तसं बघायला गेलं तर झालं काही नव्हतं. रेइनोने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि बाहेर लाकडं फोडायला गेला, भांडं जळून कोळसा, तेही दोनदा. करवतीचं तेल आणायला गावात गेला आणि बटाटे घेऊन आला. मुस्ती कुत्रीला तर तो ऊठसूट 'हाली' म्हणून हाक मारायला लागला होता, आणि हाली म्हणजे आधीची कुत्री, ती मरून कैक वर्षं झाली. आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरात भांडी जळायची नाहीत तर कुठे जळायची? पण रेइनोचा थोरला भाऊ अर्वो गावातल्या वृद्धाश्रमात होता. रेइनोला तो 'साहेब' म्हणायचा, आणि आई घ्यायला कधी येणार, असं विचारायचा. अर्वोचं जे सुरू झालं ते कॉफीच्या भांड्यापासूनच झालं होतं.

पूर्वीची आइली असती तर पहिल्याच भांड्याला तिने रेइनोची अशी खरडपट्टी काढली असती की ज्याचं नाव ते. तिच्या तोंडाचा त्या काठावर दबदबा होता. आइली ओरडली की मासे तळाला जातात, असं शेजारी म्हणायचे, आणि मासे मिळाले नाहीत की खापरही तिच्यावरच फोडायचे. पण आजारी माणसावर ओरडायचं कसं? तिने ते भांडं मुकाट्याने घासलं. बटाटेही मुकाट्याने सोलले. रात्री पाठ करून झोपायची आणि उशीत तोंड खुपसून देवाला म्हणायची, त्याला नको रे, मला दे हवं तर.

त्या दिवशी सकाळी ऑर्लिनची मोटर आली होती. ऑर्लिन म्हणजे दोन घरं सोडून राहणारा विधुर, घराणं मूळचं नॉर्वेचं, उंच, लालबुंद, आणि तोंडाचा फाटका. एरवी तो मोटर आणली की तासभर बसायचा, पुल्ल्याचे, म्हणजे वेलचीच्या गोड पावाचे, चार तुकडे उडवायचा, आणि रेइनोसारख्या मूळच्या फिनलंडच्या माणसांना होडी कशी चालवता येत नाही यावर नॉर्वेच्या माणसाने द्यावं तसं व्याख्यान द्यायचा. आज मात्र मोटर स्टँडवर अडकवली आणि, "माझा धक्का काढायचाय रे पाण्यातून, बर्फ आला तर मोडेल," असं म्हणून पाय लावून पळाला. आइलीला तेव्हाच जरा नवल वाटलं होतं.

स्वयंपाकघरात पुल्ला भट्टीतून काढताना तिला मोटरचा आवाज येत होता. पिंपातली घरघर, मग फवारा मारल्यावरची ती धाप, मग शांत. खिडकीपाशी पांढरा धूर आला आणि विरला. झक्क. आता रेइनो शीळ वाजवणार, कारण तेल बदलताना तो नेहमी शीळ वाजवतो. आइलीने वेलचीचा वास सुटलेला पुल्ला कापला, कॉफी गाळली, ताट भरलं. शीळ काही येईना.

ती ताट घेऊन शेडमध्ये गेली. रेइनो उपड्या बादलीवर बसला होता. मोटर समोर स्टँडवर उभी, तिच्याखाली तेलाची परात ठेवलेली, आणि परात कोरडी ठणठणीत.

"आत ये, पण मोटरला हात लावू नकोस," रेइनो म्हणाला. "हलता कामा नये ती."

"का? काय झालं?"

त्याने मूठ उघडली. तळहातावर एक बारका स्क्रू होता.

"तेल आलंच नाही," तो म्हणाला. "मी तो काढला."

"तो म्हणजे?"

"तो गं. *तो*."

आइलीच्या हातातलं ताट कलंडलं, तिने ते कसंबसं फळीवर टेकवलं. तो म्हणजे कुठला, हे त्या तळ्याच्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. या जुन्या मोटरींच्या पायाशी, पंख्याच्या वर, शेजारीशेजारी दोन स्क्रू असतात. एक काढला की तेल बाहेर येतं. दुसऱ्याच्या आधारावर आत एक बोटाएवढा काटा लटकलेला असतो, मोटर पुढे न्यायची की मागे ते तो काटा ठरवतो. तो स्क्रू काढला आणि मोटर जराशी हलली की काटा आत पडलाच. मग अख्खा पाय उघडा, भाग शोधा, आणि इतक्या जुन्या मोटरींचे भाग आता मिळतात कुठे? रेइनोचं यावरचं भाषण पाठ झालं नव्हतं असा माणूस तिथे नव्हता. "हा स्क्रू नव्हे, हे लग्न आहे," तो म्हणायचा. "एकदा सोडलंत की पुन्हा तसं बसत नाही." आणि कुणी चुकू नये म्हणून त्याने काठावरच्या प्रत्येक मोटरच्या त्या स्क्रूवर आइलीच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. लाल दिसला की हात मागे. लेकीच्या लग्नात आइलीने ती गडद, पिकल्या चेरीच्या रंगाची बाटली घेतली होती. ती संपली तेव्हा रेइनोने हट्टाने तसलीच दुसरी आणायला लावली. "माझ्या नखांना नाही लागलं तेवढं मेल्या मोटरींना लागलंय," ती म्हणायची.

"अर्वोने चर्चचं दार उलटं लावलं होतं," रेइनो हळू म्हणाला. "आठवतंय? जन्मभर दारं बसवली त्याने. तळची बाजू वर करून लावलं आणि सगळ्यांना विचारत होता, कसं झालंय. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा म्हणालो, छान झालंय."

"रेइनो."

"माझ्या डोक्यात या मोटरच्या त्या स्क्रूवर अधिकची खूण आहे. म्हणजे दोन खाचा, एकमेकींना छेदणाऱ्या. आणि हा बघ, एकच सरळ खाच. दोन्ही सारखेच. म्हणजे आठवतंय तेही खोटंच आठवतंय." त्याने स्क्रू पुन्हा मुठीत धरला. "आश्रमात जागा आहे का विचार. अर्वोच्या शेजारची मिळाली तर बरं. मी चांगला आहे तोवरच जातो. तू मला भरवायचंस आणि मी तुला बाई कोण तुम्ही म्हणायचं, हे मला नकोय, आइली."

पूर्वीची आइली म्हणाली असती, गप बस, मूर्खासारखं बोलू नकोस. पण आता तिने त्याच्यापुढे कप सरकवला. "कॉफी घे थोडी," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "गरम आहे. मग बघू हं आपण."

तिचा तो मऊ आवाज ऐकून रेइनोचा चेहरा आणखीनच उतरला. तिला वाटलं, स्क्रूचंच दुःख आहे.

काहीतरी करायचं म्हणून ती मोटरपाशी गुडघ्यांवर बसली. डोळे पाण्याने भरले होते ते एप्रनला पुसले. आणि मग तिला दिसलं. मोकळ्या भोकाशेजारी दुसरा स्क्रू होता, आणि त्याच्या डोक्यावर ठिपका होता.

"अरे, लाल तर याच्यावर आहे."

"आहे ना. म्हणून तर मी दुसरा काढला."

"मग तू खुणेप्रमाणेच केलंस की."

"खूण कुणी केली?" रेइनो म्हणाला. "मीच ना? म्हणजे मागच्या वर्षीच चुकीच्याला लावून बसलो. हे आजचं नाही गं. हे तेव्हापासूनचं आहे."

आइली त्या ठिपक्याकडे बघत बसली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. तिने अंगठा ओला करून ठिपक्यावरची धूळ पुसली आणि मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"रेइनो, हा माझा लाल नाही."

"लाल तो लाल."

"तुम्हा पुरुषांना लाल तो लाल. तुला लग्नातला माझा झगा विचारला तर पांढरा सांगशील, तो सायीच्या रंगाचा होता." ती उठली. नेलपॉलिशची बाटली ग्रीसच्या डब्यामागे फळीवरच असायची. तिने झाकण उघडून ब्रश ठिपक्याजवळ धरला. एक गडद चेरी, दुसरा भडक, टोमॅटोसारखा. आंधळ्यालाही दिसावं. "बघ. हा ठिपका तू लावलेला नाहीस. या घरात असला रंग कधी आलाच नाही. असला रंग मी मेले तरी आणणार नाही."

रेइनोने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण लगेच विझलं. "नवीन असताना आपलाही असाच असेल. उन्हाने उडाला असेल."

"उडालेला रंग फिका होतो. भडक होतो का? तू इथून हलू नकोस. आणि ती मोटरही हलवू नकोस."

"कुठे चाललीस?"

"नॉर्वेला," आइली म्हणाली.

तळ्याकाठच्या पायवाटेवर तमराकच्या झाडांच्या पिवळ्या सुयांचा सडा पडला होता. मुस्ती पुढे पळत होती. आइलीचे गुडघे कुरकुरत होते, पण ती थांबली नाही. डोक्यात एकच चाललं होतं. ऑर्लिनने ठिपका का लावावा? त्याला मोटरचं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर तो इथे आणतो. आणि आज असा शेपूट घालून पळाला का? ठिपका परका, म्हणजे मोटरचा पायच परका तर नाही, आणि या तळ्यात पाय मोडतो तो एकाच ठिकाणी.

ऑर्लिन कमरेपर्यंत रबरी विजार चढवून पाण्यात उभा होता आणि लाकडी धक्क्याचा शेवटचा तुकडा काठाकडे ओढत होता. तिला पाहून त्याने ओरडून विचारलं, "काय, बुडवली की काय तुझ्या फिनिश बोक्याने माझी मोटर पिंपात?"

"ऑर्लिन, बाहेर ये."

"पाणी बर्फासारखं आहे, एकदा बाहेर आलो तर पुन्हा आत जायची छाती नाही व्हायची. काय ते तिथूनच बोल."

"या उन्हाळ्यात पाद्र्याच्या खडकावर घातलीस का होडी?"

ऑर्लिनचा लाल चेहरा आणखी लाल झाला. "मी? अगं, डोळे बांधून सोड मला तळ्यात. खडकावर जायला तुमच्यासारखी माणसं आहेत ना."

याला कारण होतं. तळ्याच्या मधोमध पाण्याखाली हातभर तो खडक आहे. कधीकाळी एक पाद्री रविवारची प्रार्थना बुडवून मासे धरायला निघाला आणि नेमका त्यावर आपटला, म्हणून पाद्र्याचा खडक. तिथे ज्याची मोटर आपटेल त्याच्या टपालपेटीच्या खांबाला एक जुना, वाकलेला पंखा टांगायचा, आणि पुढचा शहाणा आपटेपर्यंत तो तिथेच राहणार, अशी रीत. गेली काही वर्षं तो पंखा आइलीच्या दारात होता, कारण आपटली होती आइली. टांगायला आला होता ऑर्लिन, कोट घालून, आणि टांगून झाल्यावर त्याने प्रार्थनाही म्हटली होती. तेव्हापासून जातायेता तो पंख्याला टोपी काढून नमस्कार करायचा.

आज आइलीला त्या पंख्याचं काही नव्हतं. ती काठावरच्या ओल्या फळीवर बसली.

"रेइनोने चुकीचा स्क्रू काढला," ती म्हणाली. "तो स्क्रू. ठिपका बघून काढला, आणि ठिपकाच उलटा होता. आता तो बादलीवर बसलाय आणि म्हणतोय, मला अर्वोचं दुखणं लागलं. मला आश्रमात ठेव म्हणतोय, ऑर्लिन. मला ओळखेनासा होण्याआधी ठेव म्हणतोय." तिचा आवाज चिरकला. "तुझी थट्टा, तुझा मान, खड्ड्यात घाल सगळं. तो ठिपका कुणाचा ते फक्त सांग मला."

ऑर्लिनने हातातला तुकडा सोडून दिला. तो तरंगत बाजूला गेला तरी त्याने बघितलं नाही. पाण्यातून छपछप करत तो बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. विजारीतून पाणी निथळत होतं.

"जुलैत आपटलो," तो म्हणाला. "भर दुपारी. ऊन लख्ख. पलीकडच्या काठावरची लव्हर्न तिच्या तराफ्यावर बसली होती. तिने हात केला, मी हात केला, आणि धाडकन. पाय पार चिरला मोटरचा."

"आणि?"

"आणि काय, दोन तालुके ओलांडून एका भंगारवाल्याकडे गेलो, इथे कुणाला कळू नये म्हणून. त्याच्याकडे अशाच मोटरचा पाय पडला होता. तो बसवून दिला त्याने. वरून रंग मारला मी, वेगळा दिसू नये म्हणून." तो अडखळला. "तो म्हणालाही होता, लाल तो तेलाचा, लाल तेवढा उघडायचा. त्यांच्याकडे तशी खूण करतात म्हणे. मी म्हटलं, लाल ठिपका आपल्याकडेही असतोच की, बरं झालं, रेइनोला संशय यायचा नाही. उलटा आहे हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही, आइली. शप्पथ."

आइलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऑर्लिनला वाटलं ती रडतेय, आणि ती रडतच होती, पण मध्येच हसूही येत होतं. इतके महिने छातीवर धोंडा होता, तो असा एका दमात उतरला की बसल्या जागी तिला गरगरलं. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं. त्याला आठवत होतं ते अगदी बरोबर आठवत होतं. अधिकची खूण होती. ती दोन तालुक्यांपलीकडे भंगारवाल्याच्या ढिगात पडली होती, चिरलेल्या पायासकट.

"गाढवा," ती म्हणाली. "नॉर्वेच्या गाढवा. चल."

"हो पुढे. मी आलोच," ऑर्लिन म्हणाला आणि ओल्या विजारीतच रस्त्याच्या दिशेने निघाला.

आइली शेडमध्ये पोचली तेव्हा रेइनो तसाच बसला होता. तिने धापा टाकत सांगायला सुरुवात केली, पण ते अर्धवटच राहिलं, कारण मागोमाग ऑर्लिन दारात आला. त्याच्या काखेत तो वाकडा पंखा होता. टपालपेटीच्या खांबावरून तार तोडून त्याने तो स्वतःच काढून आणला होता, आणि लग्नात भेट घेऊन यावं तसा तो धरून उभा होता.

रेइनोने पंख्याकडे बघितलं. मग ऑर्लिनकडे. मग मोटरच्या पायाकडे.

"पाय बदललास," तो म्हणाला.

"जुलैत."

"म्हणजे तो अधिकचा स्क्रू..."

"तुला बरोबर आठवतंय. तुझं काही चुकलं नाही, म्हाताऱ्या. मी लपवलं. हसतील म्हणून लपवलं." ऑर्लिनने पंखा जमिनीवर ठेवला. "तू मला चार लाथा घाल हवं तर. आइलीला मात्र घालू देऊ नकोस, तिच्या जोरात बसतात."

रेइनोने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्याचे खांदे हलायला लागले. आइली त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं तिने आपल्या पोटाशी धरलं. ऑर्लिन बिचारा छपराकडे बघत उभा राहिला.

"बरं," रेइनो थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाला. "काटा आत पडला असेल तर मात्र तुझी मोटर गेली, ऑर्लिन."

"गेली तर गेली. वल्ही मारीन."

रेइनो मोटरसमोर वाकला. स्क्रू ग्रीसमध्ये बुडवला, भोकाशी धरला आणि बोटांनीच फिरवायला लागला. स्क्रू थोडा आत गेला आणि अडला. रेइनोने तो किंचित मागे घेतला, डोळे मिटले, आणि पुन्हा फिरवला. या खेपेला तो गेला, जातच राहिला, शेवटपर्यंत. मग त्याने पेचकसाने आवळला, एका हाताने पंखा गरकन फिरवला आणि दुसऱ्या हाताने दांडा पुढे ढकलला. खट्ट. मागे ओढला. खट्ट.

"जागेवर आहे," तो म्हणाला. "पडलाच नव्हता."

"तू हलू दिली नाहीस म्हणून," आइली म्हणाली.

मग रेइनोने तो टोमॅटोच्या रंगाचा ठिपका असलेला स्क्रू काढला, पायाच्या वरच्या भागातला हवेचा छोटा स्क्रूही काढला, आणि जुनं तेल परातीत आलं, काळं, दाट, पाण्याचा थेंब नसलेलं. भंगारवाल्याने माल चांगला दिला होता. नळीने खालून नवं तेल भरता भरता रेइनो शीळ वाजवायला लागला. आइलीने थिनर लावून तो खोटा ठिपका खरवडला आणि खऱ्या स्क्रूवर आपल्या बाटलीतला गडद थेंब स्वतःच्या हाताने लावला. आधीची कॉफी पाणी झाली होती, म्हणून रेइनोने शेडमधल्या चुलीवर नवं भांडं चढवलं. ऑर्लिनने पुल्ल्याचे चार तुकडे उडवले, आणि उद्या सकाळी सगळ्यांसमोर हा पंखा माझ्या दारात टांगा, प्रार्थना रेइनोने म्हणावी, असं जाहीर केलं.

"लव्हर्नला बोलवू का?" आइलीने विचारलं.

"तिला नको गं," ऑर्लिन म्हणाला. "म्हणजे, बोलव हवं तर."

रेइनो मोटरवर चादर टाकत होता. टाकता टाकता त्याला मधेच आठवलं की पिंपातलं पाणी आजच उपसायला हवं, रात्री गोठेल, म्हणून तो बादली घेऊन तिकडे गेला. ऑर्लिन त्याच्याशी भंगारवाल्याविषयी बोलत राहिला. आणि मग तो वास आला. जळकट, कडू, ओळखीचा.

तिघंही वळले. चुलीवर कॉफीचं भांडं कोरडं होऊन तडतडत होतं, बुडातून काळा धूर निघत होता.

रेइनोच्या हातातली बादली तशीच राहिली. त्याने आइलीकडे पाहिलं. ते बघणं तिच्या ओळखीचं होतं. उन्हाळाभर ती त्याला तसं बघताना पाहत आली होती आणि तिला वाटायचं, तो भांड्याला घाबरतोय.

आइलीने एप्रनने भांडं उचललं, दाराबाहेर थंड मातीत आपटलं, आणि कमरेवर हात ठेवून वळली.

"हे तिसरं भांडं," ती म्हणाली. "तिसरं. डोळे आहेत की बटणं लावलीत तोंडावर? कान फुटलेत का? चुलीपासून चार पावलांवर उभा आहेस मेल्या, आणि कॉफीचा कोळसा होईस्तोवर तुला पत्ता नाही. गप्पा मारायला मिळाल्या की घर जळालं तरी चालेल, हो ना? आणि कोण घासणार ते? मीच. ही नखं बघ माझी, यांना रंग लागणार कधी, जन्मभर तुझी बुडं घासतेय मी." आवाज तळ्यापार गेला. पलीकडच्या काठावर कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

ऑर्लिनने हळूच आपला पंखा उचलला आणि तो दाराकडे सरकला. रेइनो मात्र जागचा हलला नाही. तो हळूहळू उपड्या बादलीवर टेकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते पाहून आइली बोलता बोलता थांबली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तू जुलैपासून माझ्यावर ओरडली नव्हतीस," रेइनो म्हणाला. "एकदासुद्धा नाही. पहिलं भांडं जळलं तेव्हा गोड बोललीस. बटाट्यांना गोड बोललीस. मला वाटलं, डॉक्टरने तुला काहीतरी सांगितलंय आणि तू मला सांगत नाहीस."

आइली त्याच्याकडे बघत राहिली. जीव लावून सांभाळायला गेली होती ती त्याला, आणि इतके महिने तिच्या मऊ आवाजानेच तो भिऊन मरत होता. तिने जवळ जाऊन त्याच्या कॉलरला लागलेलं ग्रीस अंगठ्याने पुसलं, आणखीनच पसरवलं.

"थांबलीस का?" रेइनो म्हणाला. "बोल ना अजून."

दारात बसलेल्या मुस्तीने मान वर केली. आइलीने तिच्याकडे बोट दाखवलं आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"आणि दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "या कुत्रीचं नाव काय आहे?"